एक जूनची माणसं

आमच्या घरात अप्पा, आई आणि दिगंबरकाका, तिघांचाही वाढदिवस एक जूनला. आईचं माहेर दुसऱ्या तालुक्यातलं, तरी तीही एक जूनचीच. यात कुणाला नवल वाटत नसे. आमच्या भागात पोर शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी त्याला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की सहा वर्षं पूर्ण धरायची आणि एक जून लिहून मोकळं व्हायचं. खरी तारीख आईबापांनाही ठाऊक नसे. विचारलं तर ‘ज्वारीच्या काढणीत झाला’ एवढंच सांगता यायचं, आणि ते रजिस्टरच्या रकान्यात बसत नसे. माझी लेक आता अकरावीत आहे. परवा आजोबा-आजींची जन्मतारीख बघून तिला हसू आवरेना. मला काही हसता आलं नाही. मी तिच्याएवढी असताना या तारखेनं मला नऊ दिवस इतकं घाबरवलं होतं, की अजूनही एखाद्या अर्जावर ती दिसली की मी बाकीच्या तारखा पुन्हा पुन्हा तपासते.

अप्पा केजच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसत. उत्पन्नाचे दाखले, वारसाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दिवसभर हेच. उरलेलं काम संध्याकाळी घरी येई आणि त्याची टकटक, ओळ संपली की वाजणारी घंटी ऐकत आम्ही जेवायचो. त्या टकटकीवरून अप्पांचा त्या दिवशीचा राग-लोभ मला बरोबर कळायचा. ते रागावले की ओरडत नसत, बोलणं बंद करत, आणि ते फार वाईट असे. माझे आजी-आजोबा शिरूर कासारकडचे, दर वर्षी ऊसतोडीला जाणारे. पण दोन्ही भाऊ शिकले आणि कोयत्यातून सुटले. दिगंबरकाका साखर कारखान्यात पॅनमन झाले, म्हणजे रसाचा पाक होऊन त्यात साखरेचा दाणा धरतो तिथं उभा राहणारा माणूस. हे काम येणाऱ्याला आफ्रिकेतल्या कारखान्यांतून बोलावणं येतं. काका युगांडात गेले आणि दोन वर्षांनी तिथल्याच एस्तेर नावाच्या बाईशी लग्न केल्याचं त्यांचं पत्र आलं, सोबत फोटो. अप्पांनी फोटो पाहिला, पाकिटात परत घातला आणि उत्तर दिलं नाही. त्यानंतरही दर दिवाळीला पत्र येत राहिलं. पुढं मुलगी झाली, ग्रेस. मग मुलगा, डॅनियल. काका लिहायचे, ‘आमची गिरजा’, ‘आमचा दानू’. अप्पा प्रत्येक पत्र वाचून पेटीत ठेवत आणि उत्तर एकाचंही देत नसत.

शेवटी फोन आला तो शेजारच्या किराणा दुकानात. काकांबरोबर काम करणारे लातूरकडचे एक गृहस्थ बोलत होते. काका आणि एस्तेर एका ट्रकखाली गेले होते. मुलं त्या वेळी शाळेत होती. एस्तेरची म्हातारी आई होती, पण तिचंच तिला होत नव्हतं, म्हणून मुलांना तिथल्या एका बालगृहात ठेवलं होतं. गिरजा नऊ वर्षांची, दानू पाच. ते गृहस्थ म्हणाले, “भाऊ म्हणून तुमचा हक्क पहिला हाय. तुमी घेणार असाल तर कोर्टात अर्ज करा. न्हाई तर कुणीतरी दत्तक घेईल आन मग आपल्याला ठावबी लागणार न्हाई.”

अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. भावकीतला एकजण येऊन म्हणाला, “बाबू, कशाला नसतं गळ्यात घेतोस रं? उद्या पोरीचं लगीन करायचंय तुला.” अप्पा त्याच्याशीही बोलले नाहीत. बोलली ती आई. “मला लई भ्या वाटतंय,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “त्यांचं बोलणं मला कळायचं न्हाई, माझं त्यास्नी. लोक काय काय म्हणतील. पण ती तितं परक्याच्या दारात हायत, ह्याचं त्याच्याहून जास्त भ्या वाटतंय. अर्ज करा.” तेव्हापासून मुलांची वाट बघणं आमच्या घरात सुरू झालं.

घरात इंग्रजी येणारी मी एकटी, तेही अकरावीचं. त्या लातूरच्या गृहस्थांनी तिथं एक वकील गाठून दिला होता, त्यानं सांगितलेले सगळे फॉर्म मी डिक्शनरी घेऊन भरले. दोघा भावांचे शाळा सोडल्याचे दाखले भाषांतरासह जोडले. शेवटी ‘ही मुले तुम्हाला का हवीत’ असं एक पत्र लिहायचं होतं. अप्पांनी दोनच वाक्यं सांगितली, “ती माझ्या भावाची लेकरं हायत. मला पायजेत.” मला ते फार कोरडं वाटलं. निबंधात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं आणि त्याचा मला तोरा होता. आजीनं सांगितलेली एक गोष्ट मला आठवत होती. मी ती आपल्या मनानं पत्रात घातली, की माझे वडील त्यांच्या भावाहून चार वर्षांनी मोठे, शाळा लांब होती, धाकट्याचे पाय पोळायचे म्हणून ते त्याला खांद्यावर बसवून न्यायचे. अप्पांना हे वाचून दाखवलं नाही. सही मात्र घेतली.

मग आठवड्यामागून आठवडे गेले. दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी एसटीनं बीडला जायची. केजला तेव्हा इंटरनेट नव्हतं, बीडला बसस्टँडजवळ एक सायबर कॅफे होता, पडदे लावलेल्या खोपट्यांचा. तिथं वकिलाची पत्रं यायची. एकदा त्यानं मुलांचा फोटो पाठवला. कॅफेवाल्यानं तो छापून दिला, पण शाई संपत आली होती, त्यामुळं दोघांचे चेहरे हिरवट निघाले. आईनं तो देवापाशी ठेवला आणि रोज पुसायची. कुणीतरी तिला सांगितलं, तिकडं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात. तिनं मका दळून आणला आणि आम्हाला आठवडाभर तेच खाऊ घातलं. पहिल्या दिवशी खळ झाली, दुसऱ्या दिवशी वीट. अप्पा ठेच्याबरोबर निमूट गिळत. मी नाक मुरडलं तर आई म्हणाली, “खा. त्यांच्या तोंडाला लागंल असं जमस्तोवर खावं लागंल.” मग तिनं बाजारातून दोन स्टीलची ताटं आणली आणि भांडेवाल्याकडून त्यांवर नावं घालून घेतली, गिरजा बाबूराव आणि दानू बाबूराव. मी म्हटलं, अजून कोर्टाचं काही झालं नाही, इतक्यात नावं कशाला? ती म्हणाली, “नाव घातलेलं ताट कुणी परत घेत न्हाई.” तिला वाटलं होतं, हे चांगलंच आहे.

त्या शनिवारी पत्र उघडलं तेव्हा मी एकटीच होते. वकिलानं कोर्टातल्या अधिकारी बाईचं टिपण जसंच्या तसं पाठवलं होतं. अर्जदार आपण मृत व्यक्तीपेक्षा चार वर्षांनी मोठे असल्याचं सांगतो. सोबतच्या दाखल्यांप्रमाणे दोघांचा जन्म एकाच दिवशी, एकाच वर्षी झाला आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. नातेवाईक असल्याचं सांगून मुलं परदेशी नेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तीस दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर अर्ज निकाली काढून मुलांची अन्यत्र सोय केली जाईल. मी ते चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तेव्हा अक्षरं हलायला लागली. दाखले मीच भाषांतरित केले होते, दोन्हीकडे एक जून मीच लिहिलं होतं, वर्षासकट. अप्पांनी तर आयुष्यभर हजारो कागदांवर ती तारीख टाइप केली होती. त्यांना ती दिसतच नसे, आणि मलाही दिसली नव्हती. चार वर्षांचं कुणी विचारलंही नव्हतं. ते मी घुसडलं होतं, शाबासकीच्या हौसेनं.

कागद छापून घेतला आणि फिजिक्सच्या पुस्तकात घातला. बस मांजरसुंब्याला थांबली तेव्हा मला उलटी झाली. घरी पोचले तर आई दारातच उभी. “चिठी आली का?” मी म्हटलं, न्हाई. एवढं एक ‘न्हाई’ म्हटलं आणि पुढचं सगळं त्याच्यावरच रचत गेले. असे नऊ दिवस काढले. अप्पांच्या टाइपरायटरची घंटी वाजली की मला वाटायचं, आता हाक मारतील. घास तोंडातच फिरायचा. झोपेत मला ते बालगृह दिसायचं आणि दारात एक अनोळखी जोडपं, मुलांच्या चपला हातात घेऊन उभं. दिवस मोजायचं मात्र सुटत नव्हतं. तीसातले किती गेले हे मला पाठ होतं आणि प्रत्येक सकाळी वाटायचं, आज सांगू. मला अप्पांच्या मुक्या रागाची भीती होती हे खरंच. पण त्याहून मोठी भीती निराळी होती. मी सांगेपर्यंत आमच्या घरात ती मुलं येणार होती. मी तोंड उघडलं की ती येणार नव्हती.

दहाव्या दिवशी सोमवार होता. आई चुलीपाशी भाकरी करत होती आणि मी पुस्तक उघडून नुसती बसले होते. ती म्हणाली, “पोरी, भिऊ नका ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात गं?”

“डोन्ट बी अफ्रेड.”

“डोन बी अफ्रेट,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग फळीवरच्या त्या दोन ताटांकडे तोंड करून, मान जरा वाकवून, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, “डोन बी अफ्रेट.” आणि माझ्याकडे वळली. “बराबर हाय का? बाकीचं हातानं सांगता येतंय. जेव, नीज, पानी. ह्ये तेवढं हातानं सांगता येत न्हाई.”

मला रडू फुटलं. “आई, ती यायची नाहीत. माझ्यामुळं.”

तिनं आधी तव्यावरची भाकरी उतरवली, करपली होती ती. मग माझ्याकडून सगळं काढून घेतलं, अगदी उलटीसकट. मला वाटलं होतं, ती मारेल. तिनं हात धुतले आणि म्हणाली, “अप्पाला तूच सांगायचं. मी सांगणार न्हाई. पर मी बाजूला बसते.”

अप्पा आले, चहा प्याले, आणि मी कागद मराठी करून वाचला. ‘मुलं परदेशी नेणारे लोक’ हे वाचलं तेव्हा आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. अप्पांनी एवढंच विचारलं, “किती दिस झाले?”

“नऊ.”

“म्हंजे एकवीस ऱ्हायले.”

मग त्यांनी पेटीतून दोन्ही दाखले काढून मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवरच्या तारखेवर बोट ठेवून पाहिलं. उठले ते टाइपरायटरपाशी. एक स्टॅम्पपेपर चढवला आणि टाइप करायला लागले. ती टकटक माझ्या ओळखीची नव्हती. मी मागे जाऊन बघितलं. ‘मी व माझा भाऊ दिगंबर हे जुळे असून, पत्रातील चार वर्षांचा उल्लेख माझ्या मुलीच्या चुकीने...’ इथपर्यंत आलं होतं. मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण खरंच वाटलं. एका ओळीत सगळं मिटत होतं. कागदाचं काम अप्पांच्या हातचा मळ. केजच्या तहसिलीत जुळे व्हायला किती वेळ लागणार? टकटक थांबली. अप्पांनी कागद ओढून काढला आणि चुरगाळला नाही, घडी घालून खिशात ठेवला.

“दिगंबर माझ्याबरोबरचा न्हाई,” ते म्हणाले. “म्या त्याला खांद्यावर नेलंय.”

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शिरूरकडं, त्यांच्या गावी गेले. ज्या गुरुजींनी दोघांची नावं पटावर घातली ते अजून होते. ऐंशीच्या पुढचे, ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. अप्पांनी पाया पडून सगळं सांगितलं आणि म्हणाले, “गुरुजी, तुमी तारीख अंदाजानं घातली एवढं लिवून द्या.” गुरुजींचा हात शेंगांतच थांबला.

“खोटं लिवलं असं लिवून देऊ? बाबू, पेन्शनवर हाय मी. ह्या वयात कुणी इचारलं तर?” ते घाबरले होते. म्हाताऱ्या माणसाला असं घाबरलेलं बघून मला आणखीच भीती वाटली. आमची शेवटची आशा अशी शेंगांच्या टरफलात बसलेली होती. मग शेंगा बाजूला सारून ते आपणच बोलायला लागले. “तू नऊ वर्साचा व्हतास. आईबापाबरोबर तोडीला निघालेल्या गाडीतनं उतरवून आणलं व्हतं म्या तुला. तर ह्यो धाकटा पाचाचा, तुझ्या सदऱ्याला धरून. सोडंचना. पाच लिवलं तर पटावर येत न्हाई. मागं ठेवला तर गाडीत बसून जातोय. नऊ लिवलं तर वरचे इचारणार, इतकी वर्सं कुठं व्हता. मग दोघास्नी सहा लिवलं. दोघास्नी म्याच एका दिशी जन्माला घातलं.” ते हसले, मग डोळे पुसले. “दिगू गेला व्हय? चला शाळेत.”

शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर काढलं. त्यात अप्पा आणि काका एकाखाली एक होते आणि त्यांच्या वर-खाली, पान भरून, सगळे एक जूनचे. आम्ही त्या अख्ख्या पानाची झेरॉक्स काढली. गुरुजींचं निवेदन मी इंग्रजीत केलं आणि अप्पांना शब्द न् शब्द वाचून दाखवलं, मग बीडला जाऊन ते सगळं वकिलाला पाठवलं. परतीच्या बसमध्ये मला सारखं वाटत होतं, ती बाई हे पान बघून काय म्हणेल? आमच्यासाठी जो रोजचा व्यवहार तो तिकडं बसलेल्या माणसाला गावभरच्या लबाडीसारखाच दिसणार. एका गावातली सगळी पोरं एकाच दिवशी कशी जन्मतील? तिनं का विश्वास ठेवावा? मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता.

मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा उत्तर आलं. या वेळी अप्पा बरोबर होते. सायबर कॅफेच्या खोपट्यात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. मी थांबत थांबत मराठी करत गेले. रजिस्टरचं पान आणि शिक्षकाचं निवेदन मिळालं. केवळ त्यावर निर्णय घेणं अवघड होतं. म्हणून मुलीला वेगळं बोलावून विचारलं, वडील त्यांच्या घराबद्दल काही सांगायचे का? मुलगी म्हणाली, बाबांची शाळा लांब होती, उन्हात पाय पोळायचे, म्हणून त्यांचा मोठा भाऊ त्यांना खांद्यावर बसवून न्यायचा. हे ते रोज झोपताना सांगत. तिनं अर्जातलं पत्र पाहिलेलं नाही. दोन्ही मजकूर जुळतात. अर्ज मंजूर करण्यास हरकत नाही.

अप्पा म्हणाले, “पुन्यांदा वाच.” मी वाचलं. “रोज सांगायचा?” त्यांनी विचारलं. “रोज लिवलंय का तितं?” मी म्हटलं, हो, रोज. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली. इतकी वर्षं ज्या भावाच्या पत्रांना त्यांनी उत्तर दिलं नाही, तो तिकडं रोज रात्री हे सांगत होता. ते रडले. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि कुठं बघावं ते न कळून मी पडद्याकडं बघत राहिले.

ते लातूरचे गृहस्थ सुट्टीवर येताना मुलांना घेऊन येणार होते. मुंबईहून निघालेली त्यांची बस केजवरूनच जाणार होती, पण अप्पांना धीर निघेना. बस चहाला मांजरसुंब्याला थांबते म्हणून आम्ही सकाळीच तिथं जाऊन एका ढाब्यासमोर उभे राहिलो. आईनं ताटं पिशवीत घालून आणली होती. कशाला, ते तिलाच माहीत. मला वाटत होतं, बसमधून दुसरंच कुणीतरी उतरेल, हातात कागद घेऊन, आणि म्हणेल, चूक झाली. बस थांबली. उतरली ती गिरजा, उंच, हडकुळी, उन्हाळ्यातही स्वेटर घातलेली, आणि तिच्या मागं लपलेला दानू. तिनं त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्याचा पंजा मुठीसारखा आखडला होता. आई पुढं झाली, तिनं तोंड उघडलं, आणि तिचं इंग्रजी सगळं पळालं. “भिऊ नका रं माय,” ती म्हणाली, “भिऊ नका.” मुलं आणखीच एकमेकांना चिकटली.

गिरजा अप्पांकडं बघत होती. मग ती खाली वाकली आणि दानूच्या कानात त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. त्यानं तिला काहीतरी विचारलं. तिनं मानेनंच हो म्हटलं आणि त्याचं मनगट सोडलं. तो एकटा चालत अप्पांसमोर आला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. अप्पांना आधी कळलंच नाही, ते माझ्याकडं बघायला लागले. मग कळलं. बाजूला ट्रक हॉर्न देत होते, बसमधले लोक खिडकीतून बघत होते, आणि अप्पा त्या फाट्यावरच्या धुळीत दोन्ही गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मान खाली घातली, पोराला वर चढता यावं म्हणून.